आमच्या दुकानातली किकबॉक्सर

जपानमधल्या फुनाबोरीच्या ज्या जेवणाच्या डब्यांच्या दुकानात मी पार्ट-टाइम काम करते, तिथे माझ्या शेजारी उभी राहून डब्यांत भात भरणारी मुलगी प्रोफेशनल किकबॉक्सर आहे. रिंगमध्ये ती कुणाच्या बापाला घाबरत नाही. पण इकडे स्वतःच्या लढतीची तिकिटं खेळाडूलाच विकावी लागतात, आणि "घेता का?" असं विचारताना तिचे कान लाल होतात.

परवा ती हरली. काल सकाळी डोळा सुजलेला, तरी कामावर वेळेत हजर. दुकानातल्या तिकीट घेतलेल्या प्रत्येकीसमोर वाकून म्हणाली, "आलात, आभारी आहे. हरले, माफ करा."

मला रागच आला. "माफी कसली मागतेस? शेवटची घंटा होईपर्यंत उभी होतीस ना!" मी मोडक्यातोडक्या जपानीत तिला झापलं. ती नुसती हसली आणि भात भरायला लागली.

तेवढ्यात काउंटरवरच्या एका आजींनी तिचा डोळा पाहून मला हळूच विचारलं, "पडली का हो बिचारी?"

"पडते कसली!" अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले. "किकबॉक्सर आहे. आमची आहे."

आजींनी पुढची लढत कधी, म्हणून विचारलं. तिचे कान लाल झाले. मग पुढच्या लढतीचं पहिलं तिकीट आजींना मीच विकून टाकलं.