करडखेडच्या शाळेचं आडं

नीळकंठ जोशी लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी वाकून टेबलाखाली पाहतात. फळी कुठली, सांधा कसा, खिळे किती. पत्नी शैलजाबाईंनी चारचौघांत कितीदा तरी त्यांची बाही ओढली, पण सवय गेली नाही. या सवयीमुळेच गेल्या जानेवारीत त्यांना एक गोष्ट कळली. ती कळली नसती तर बरं झालं असतं, असं ते अजूनही म्हणत नाहीत.

पाटबंधारे खात्यात ते कारकून होते. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मेहकरला घरी बसले आणि दुसऱ्याच महिन्यात जुन्या लाकडाच्या नादी लागले. पाडलेल्या घरांच्या चौकटी, मोडक्या बैलगाड्यांच्या फळ्या, बंद जिनिंग कारखान्यांचे दरवाजे गोळा करायचे आणि त्यातून घरापुरतं सामान करायचं. विकायचं काही नाही. देऊळगाव राजाच्या एका चौकटीचं त्यांच्या दारात चपलांचं कपाट झालं आहे, आणि ते पाहुण्यांपेक्षा जास्त टिकेल असं शैलजाबाई म्हणतात.

या कामात त्यांचा जोडीदार ज्ञानेश्वर. करडखेडचा, चार एकरांचा शेतकरी, पहिली ते चौथी नीळकंठांशेजारी एकाच पट्टीवर बसलेला. लाकूड हुडकावं ज्ञानेश्वरनंच. नखानं खरवडून, वास घेऊन तो सांगायचा, आत कीड आहे की नाही. सांध्याचं डोकं नीळकंठांचं. लोखंडी खिळा मारायचा नाही, बाभळीची खुंटी चुलीवर शेकून कोरडी करायची आणि मग ठोकायची. ती हवेतली ओल पिऊन फुगते आणि सांधा सुटत नाही. हे त्यांनी चार खुर्च्या बिघडवून शोधलं होतं.

दर रविवारी दोघं नीळकंठांच्या अंगणात काम करायचे. वस्तू पुरी झाली की उलटी करून खाली पेन्सिलीनं नोंद करायची. गाव कोणतं, लाकूड कशाचं, कोणाकडून मिळालं. त्याखाली दोघांची नावं. ऐकीव, अंदाजाचं काही लिहायचं नाही, हा नीळकंठांचा दंडक. कारकुनाचा दंडक होता, पण ज्ञानेश्वरनं तो पाळला.

मागच्या वर्षी करडखेडची जुनी शाळा पाडायचं ठरलं. त्या शाळेचं आडं म्हणजे छपराचा सगळा भार पेलणारं अठरा फुटी सागवान. नीळकंठांचे वडील त्याच आड्याखाली बावीस वर्षं शिकवत होते. या लाकडाचं नात स्वरदाला अभ्यासाचं टेबल करायचं, हे नीळकंठांनी तिला सांगूनही टाकलं होतं. शाळा पाडतील त्या दिवशी ज्ञानेश्वरनं फोन करायचा, एवढं ठरलं.

फोन आला तो दोन दिवसांनी. "नीळ्या, गेलं रे आडं. कंत्राटदाराच्या ट्रॅक्टरनं वीटभट्टीवर नेलं. मले पत्ताच नाही लागला."

दोघं ज्ञानेश्वरच्याच मोटारसायकलवर भट्टीवर गेले. भट्टीवाला म्हणाला, रोज दहा गाड्या लाकूड येतं, कोणतं सांगू? नीळकंठ उन्हात राख उलटत बसले, एखादा तुकडा तरी सापडेल म्हणून. ज्ञानेश्वरही बाजूला उकिडवा बसून काडीनं कोळसे उलटत होता. परतताना तो म्हणाला, "जाऊ दे बे, दुसरं सापडीन." स्वरदाला टेबल बाजारातून आलं.

जानेवारीत चिखलीहून येताना नीळकंठ रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलात चहाला थांबले. टेबलं सागवानी होती, जाड. सवयीप्रमाणे ते खाली वाकले. कडेला बाभळीच्या खुंट्या होत्या. मधोमध पेन्सिलीनं लिहिलं होतं: करडखेड, शाळेचं आडं, कंत्राटदाराकडून. खाली एकच नाव, ज्ञानेश्वर.

हॉटेलवाला गोपाल कौतुकानं जवळ आला. "आवडलं का काका? सहा टेबलं आहेत. मिस्तरी करडखेडचे, एकटेच करतात. खिळा नाही एकही. खुंटी चुलीवर शेकून घेतात, मग ती ओल पिऊन फुगते."

नीळकंठांनी चहा संपवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते करडखेडला गेले. ज्ञानेश्वर गोठ्यात रंधा मारत होता.

"आडं भट्टीत गेलं म्हणालास."

"हाव."

"मग मी काल चहा प्यालो ते कशावर?"

रंधा थांबला. "खाली पाह्यलं तू."

"तूच लिहून ठेवलंस."

"ल्याहल्याशिवाय राहवलंच नाही," ज्ञानेश्वर म्हणाला. "सवय लावून ठेवली तू."

"काऊन बे? मागितलं असतं तर दिलं नसतं मी?"

"काय मागू? अकरा वर्ष लाकूड मी हुडकलं, उचललं, रंधलं. अन् लोक काय म्हनत? नीळकंठरावाचं कपाट, नीळकंठरावाची खुर्ची. मी कोन? त्याइचा मानूस."

"दोघांची नावं असायची."

"खाली असायची. खाली कोन वाकून पाह्यते रे? तूच एकटा."

नीळकंठांनी त्यावर दुसरंच विचारलं. "भट्टीवर माझ्यासोबत राख कशाला उलटत होतास?"

ज्ञानेश्वरनं हातावरचा भुसा झटकला. मग पुन्हा झटकला. आत जाऊन त्यानं दोन हात लांबीची एक जाड फळी आणली आणि नीळकंठांपुढे धरली. "एवढं उरलं हाय. पोरीच्या टेबलाले नाही पुरत, पन चौरंग होते."

नीळकंठांनी फळी घेतली. वडिलांच्या शाळेची होती, ती तिथे ठेवून येणं त्यांना जमलं नाही. ज्ञानेश्वरच्या बायकोनं, मनकर्णावहिनींनी, चहा ठेवला होता. तो न घेता ते निघाले.

चौरंगाला तीन रविवार लागले. दुसरं टोक धरायला शैलजाबाई आल्या. एक खुंटी तिरकी गेली, ती तशीच राहिली. काम पुरं झाल्यावर नीळकंठांनी चौरंग उलटा केला. गाव लिहिलं, आडं लिहिलं. कोणाकडून मिळालं, इथे पेन्सिल बराच वेळ थांबली. मग त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: वीटभट्टीतून.

शैलजाबाईंनी चष्मा लावून वाचलं. "अहो, हे खोटं आहे."

"ज्ञानेश्वरनं सांगितलं तसं लिहिलंय," नीळकंठ म्हणाले, आणि चौरंग सरळ करून भिंतीशी ठेवला.