फेस न येणाऱ्या पाण्यातली आंघोळ

समस्त नातेवाईक, स्नेही आणि हितशत्रू यांना कळवण्यास अत्यंत दुःख होतं की, फ्रिस्को मुक्कामी माझ्याकडून नातीला आंघोळ घालण्याचा अधिकार काढून घेण्यात आला.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी माझ्या गावाहून, ईडन प्रेरीहून, तिच्या गावी फ्रिस्कोला आले होते. पहिल्याच दिवशी माझ्या डाळीच्या पिठावर बंदी आली. "आई, ते सँडपेपर नको. बेबी सोप वापर."

वापरला. पाय पसरून, नातीला पायांवर पालथं घेऊन, खोबरेल तेलाने माखून साबण लावायचा, तर फेसच येईना! माझ्या घरी एका थेंबात ढग उठतात. इथला साबणच मिळमिळीत, असं ठरवून मी चार-पाच थेंब ओतायला लागले.

महिन्याभरात पोरीच्या पोटावर, मांड्यांवर लालबुंद खरखरीत चट्टे उठले. झोपेतही ती अंग घासायची. मला बघवेना.

"तुझं तेलच नडतंय," लेक म्हणाली. "उद्यापासून आंघोळ मी घालणार."

मग डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, साबण किती लावता? मी तिथेच खुर्चीत पाय पसरून साभिनय दाखवलं: एक, दोन, तीन, चार... बाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, इथलं पाणी जड आहे. त्यात फेस येत नाही, साबण धुतला जात नाही, कातडीवरच बसतो. बाळाची कातडी नाजूक, ती कोरडी पडते. पाणी हे एकच कारण नसेल, पण साबण नावाला लावा, आंघोळ झटपट उरका, अंग टिपून लगेच मलम लावा.

तेव्हा मला आठवलं, आमच्या तळघरात पाणी हलकं करणारं एक यंत्र आहे. नवरा त्यात मिठाच्या गोण्या ओततो. इतकी वर्षं मी तो त्याचा छंद समजत होते!

दहा-बारा दिवसांत चट्टे विरले. पोर गाढ झोपली. तिच्या मऊ पोटावरून मी तीनदा हात फिरवला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी लेकीने टॉवेल आणि बाळ माझ्या हवाली केलं. दारात जावई उभे होते, पंचविशीपासून कपाळ मागे मागे सरकत गेलेले. त्यांनी नातीचं पोट पाहिलं, स्वतःच्या डोक्यावर हात फिरवला आणि एकदम बोलून गेले, "आई, मग माझे केसपण परत येतील?"