तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर पुरणपोळी

आमचा पुरणपोळ्यांचा धंदा बुडाला, त्याचं श्रेय माझं आहे. शेजारी त्यात वाटा मागतात, पण मी देत नाही.

बिबवेवाडीत आमचं घर तळमजल्यावर. सून वैशाली पोळ्या करायची, गिऱ्हाइकं फोन करून सांगायची आणि येऊन न्यायची. मुलगा महेश म्हणाला, ही पद्धत जुनी झाली. त्याने आम्हाला मोबाइलवरच्या एका खाण्यापिण्याच्या ॲपवर चढवलं आणि जुन्या गिऱ्हाइकांना कळवून टाकलं, की आता फोन घेणार नाही, ॲपवरूनच मागवा. वैशालीला ते पटलं नव्हतं. मलाही नाही, पण मी चौथी शिकलेली (तीही धड नाही), मला कोण विचारतो!

ॲपवर कोणी फिरकेना. महेश म्हणाला, ज्याच्या ऑर्डरी जास्त, तो वर दिसतो. एवढं ऐकलं आणि मी कामाला लागले. जिन्यात उभी राहून साऱ्या बिल्डिंगला सांगितलं, पोळी हवी तर मोबाइलवरून मागवा. नव्या गिऱ्हाइकाला ॲप निम्मी सवलत देतं, हेही सांगितलं. तेवढं सांगायला नको होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांड्यांनी स्वतःच्या, बायकोच्या, मुलीच्या नावाने पोळ्या मागवल्या. मग वारलेल्या वडिलांच्या नंबरवरूनही मागवल्या. (त्यांना पुरण फार आवडायचं, म्हणे.) ॲपचा माणूस कुठून कुठून ट्रॅफिक तुडवत यायचा, आमच्या दारातून पिशवी घ्यायचा आणि जिना चढायचा. एकदा त्याला राहवलं नाही.

"आजी, इथूनच इथे?"

"पत्ता सापडला ना? मग चढ."

होळीच्या आदल्या दिवशी वैशालीने मोठं पातेलं भरून पुरण घातलं. वर्षाची कमाई त्या सणावर. पुरण वाटून झालं आणि महेशचा मोबाइल वाजला. आमचं खातं बंद! कारण, संशयास्पद ऑर्डरी. सगळी गिऱ्हाइकं एकाच पत्त्यावर, आणि तो पत्ता दुकानाचाच. महेशने तक्रार केली, तर पलीकडे माणूसच नव्हता, यंत्र होतं. ते दर वेळी म्हणायचं, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. आणि गप्प बसायचं. एवढं तर आमचे हेही करायचे.

वैशाली पातेल्याकडे बघत म्हणाली, "पुरण आपलं, हात आपले, आणि दुकानाला कुलूप लावणारा तो कोण?"

महेशने जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. त्यांनी पोळ्या कधीच दुसरीकडे सांगितल्या होत्या. एक बाई तर म्हणाल्या, "अहो, तुम्ही फोनवर धंदा करत नाही ना?"

मग मीच डबा घेऊन वर गेले. देशपांड्यांनी दार उघडलं, पोळ्यांचा वास घेतला.

"काकू, सवलत किती?"

"जिना मी चढले. तेवढीच."

अर्धं पुरण बिल्डिंगने संपवलं, उरलेलं आम्ही आठवडाभर खाल्लं. अजून पुरण म्हटलं की महेश ताटावरून उठतो.

ॲपने खातं काही उघडलं नाही. वैशाली पुन्हा फोन घेते, जुनी गिऱ्हाइकं एकेक करून परत येताहेत. वरच्या मजल्यांवर मात्र मीच पोचवते. परक्याच्या भरवशावर राहायचं नाही, असं आता ठरलंय. पुरण घरचं, फोन घरचा, गुडघे घरचे.

काल दुसऱ्या मजल्यावर गुडघे बंद पडले. ॲपने निदान कारण तरी कळवलं होतं.