रविवारी ओटी हाय

बाबा एक किस्सा सांगायचे. पाहुणे जेवून उठले आणि सुपारीचा डबा फिरला की तो यायचाच. रस्त्याकडेची मासळीवाली कशी ओरडली, यांनी चालत्या ट्रकमधून कसा हात हलवला आणि मग काय घोटाळा झाला, हे ते नकला करून सांगायचे. पाहुणे पोट धरून हसायचे. मी उठून आत जायची, कारण माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्या किश्श्याला पुढे शेवट आहे. तो बाबांनी कधी कुणाला सांगितला नाही. म्हणून मी सांगते आहे.

आम्ही मूळचे माकुणसारचे. घर लहान होतं, पण पुढे ओटी होती. दारापुढची, शेणानं सारवलेली, चार माणसं बसतील एवढी जागा. बाबा खाचरातून आले की पाय धुऊन तिथे टेकायचे. थोरली ताई एका बाजूला, मी दुसऱ्या. ते फार बोलायचे नाहीत. पण असायचे. तेव्हा ते असणं म्हणजे काही मिळकत आहे असं आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं.

मग तारापूरला विजेचं केंद्र बांधायचं काम निघालं. बाबांना पाण्याच्या इंजिनांची दुरुस्ती येत होती, त्यामुळे ते फिटर म्हणून लागले. ताईचं लग्न त्याआधीच्या उन्हाळ्यात होऊन ती शिरगावला गेली होती. आम्ही तिघं बोईसरला आलो. बेटेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला एका मालकानं घाईघाईत बांधलेल्या खोल्यांची रांग होती, त्यातली एक आमची. तिला ओटी नव्हती. दार उघडलं की पाय थेट रस्त्यावर.

तो शब्द मात्र दुसऱ्या वाटेनं घरात आला. साइटवर ओव्हरटाइमला ओटी म्हणत. सकाळी ट्रकची वाट बघणारी माणसं एकमेकांना विचारायची, आज ओटी लगी क्या? मला पहिल्यांदा फार हसू आलं होतं. एवढे मिशीवाले बाप्ये आणि यांची ओटी कोण भरतं? आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली होती. पुढे हसू गेलं. आठ तासांवर चार तास, आणि वर रविवार. बाबा मी उठायच्या आधी जायचे आणि मी निजल्यावर यायचे. एखाद्या रविवारी घरी असलेच तर भिंतीकडे तोंड करून झोपलेले. त्या दोन-तीन वर्षांत मी माझ्या बापाची पाठच जास्त पाहिली.

हे सगळं कशासाठी? पोटासाठी म्हणाल तर नाही. पोट माकुणसारलाही भरत होतं. त्या रांगेत एका खोलीत स्टीलची भांडी आली आणि महिन्याभरात सगळ्या फळ्यांवर स्टील चमकायला लागलं. आमची पितळेची पातेली आईनं मोड म्हणून देऊन टाकली. मग टेरिलीनचे शर्ट आले. मग शेजारच्या खोलीत ट्रान्झिस्टर आला. खोल्यांची भिंत अर्ध्या विटेची, त्यांची गाणी आमच्याकडे ऐकू यायची. आईला गाण्याचा आनंद व्हायला हवा होता, फुकटात मिळत होतं. पण ती हातातलं काम आदळायला लागायची. माकुणसारला तिनं कधी दुसऱ्याच्या चुलीकडे वाकून पाहिलं नव्हतं. आणि मी? मी शाळेत सांगून बसले होते की आमचाही रेडिओ येतोय, त्यांच्यापेक्षा मोठा. रोज बाबांच्या पाठीला विचारायची, कधी आणणार? तेव्हा दोष एकट्या बाबांचा नव्हता, हे मला कळतं. कळून राग काही कमी होत नाही.

अशात ताईला दिवस गेले. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात बोलायचं काही नव्हतं. पण ताईची सासू रीतीभातीची पक्की. तिनं आधीच बजावून ठेवलं होतं. सातव्यात ओटी भरली की त्याच दिवशी बापानं स्वतः येऊन मुलीला न्यायचं. आमच्यात भाऊ नव्हता, काका नव्हता. बाईमाणसाबरोबर ती सुनेला धाडणार नव्हती. आणि सातवा सरला की पाठवायचं नावच नको, आठव्यात पोटुशीला प्रवास घडवत नाहीत.

बाबा म्हणाले, दिवस ठरला की निरोप धाडा, मी येतो. बोईसरहून पालघर आणि पालघरहून शिरगाव. सकाळी निघालेला माणूस जेवायच्या आत पोचतो. एवढंच करायचं होतं.

सातवा सरत आला तशी आई आणि मी मदतीला शिरगावला गेलो. गुरुवारी भटजींनी रविवार काढून दिला. निरोप कुणाबरोबर धाडायचा? ताईच्या शेजारची मासळीवाली रोज पहाटे पाटी घेऊन बोईसरच्या बाजाराला जायची. ती बाबांना ओळखत होती. आईनं तिला सांगितलं, आमच्या यांना म्हणावं रविवारी ओटी आहे, नक्की या.

शुक्रवारी दुपारी ती परत आली. पाटी उतरवायच्या आधीच म्हणाली, "सांगितलं गो. ट्रकात उभे होते, म्यां खालून आरडून सांगितलं, रविवारी ओटी हाय. हात हलवला. बोलले, माहीत हाय, जातो मी."

आम्ही खूश झालो. ताईनं त्याच संध्याकाळी ट्रंक भरायला घेतली.

आता बाबांचा किस्सा. ट्रकमधून त्यांनी ऐकलं, रविवारी ओटी हाय. त्यांना वाटलं, साइटवर ओव्हरटाइम आहे. वरून म्हणाले, माहीत आहे, जातो मी. इथे पाहुणे हसायचे. मी त्या पाहुण्यांना विचारायला हवं होतं, आणि एकदा तरी बाबांना विचारायला हवं होतं, की शिरगावच्या मासळीवालीला तुमच्या साइटवरचा ओव्हरटाइम कसा काय ठाऊक? बायको-मुलगी शिरगावला, मोठ्या मुलीला सातवा, निरोप यायचा आहे हे माहीत, निरोप आणणारी बाई शिरगावची. कुठल्याही माणसाच्या डोक्यात पहिली कोणती ओटी येईल? पण त्या शब्दाचा त्यांच्या कानात एकच अर्थ उरला होता.

त्याहून वाईट पुढेच आहे. त्या रविवारी त्यांच्या टोळीला काम नव्हतंच. बाबांनी शनिवारी मुकादमाला गाठून सांगितलं, उद्या ओटी आहे असं ऐकलं, माझं नाव घ्या. मुकादमानं दुसऱ्या टोळीत घातलं. हेसुद्धा ते किश्श्यात सांगायचे, मोठ्या चतुराईनं मिळवल्यासारखं.

रविवारी ताईला हिरवी साडी नेसवली. हातभर हिरव्या बांगड्या. पाटावर बसवून पाच सवाष्णींनी तांदूळ, नारळ, खण, हळकुंडं घालून ओटी भरली. ती भरलेली ओटी दोन्ही हातांनी सावरून ताई उठली आणि पहिलं पाहिलं ते दाराकडे. तिच्या सासरच्या घराला ओटी होती. तिथे खांबाजवळ ट्रंक ठेवली होती, वर पिशवी, पिशवीवर छत्री. बायका जेवल्या. पहिली एसटी आली, माणसं उतरली, बाबा नाहीत. दुसरी आली. ताई ट्रंकेशेजारी जाऊन बसली. मी दर खेपेला रस्त्यापर्यंत धावत जायची आणि परत येताना तिच्याकडे बघायचं टाळायची. पंगतीची पातेली घासून झाली तेव्हा सासूनं कुणावर आवाज न चढवता ट्रंक उचलून आत नेली. आईला एवढंच म्हणाली, "बापाला सवड नाय त नाय. आमी हाव."

सातवा सरायला दोनच दिवस राहिले होते. सोमवारी आई आणि मी दोघीच परतलो. मंगळवारी जाऊन आणा म्हणून आईनं बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, मधल्या वारी रजा मागितली तर ओटीच्या यादीतून नाव जाईल. नवव्यात आणू, काय बिघडतं. बुधवारी त्यांनी ट्रान्झिस्टर आणला. ताईसाठी म्हणे, बाळंतपणात करमायला. आईनं त्याला विणलेलं झाकण घातलं आणि फळीच्या मधोमध ठेवला. शेजारणींना बोलावून दाखवला. त्या दिवशी मला आईचाही इतका राग आला की मी जेवले नाही. माझा स्वतःचा आला की नाही ते आठवत नाही. मी रेडिओ ऐकत बसले होते.

फार वेळ नाही. बाबा घरी असले की झोपलेले, म्हणून आई म्हणायची, "बंद कर ते. बाबा निजलेत." आणि ते नसले की आम्ही दोघी ऐकायचो. ज्यानं तो आणला त्यानं एक अख्खं गाणं घरी ऐकलेलं मला माहीत नाही.

नववा लागला. बाबा म्हणाले, या रविवारी. मग म्हणाले, कामाची घाई आहे, पुढच्या रविवारी नक्की. त्या दोन रविवारांच्या मधल्या शुक्रवारी ताई शिरगावलाच बाळंत झाली. दीड दिवस अडली होती. आई निरोप मिळाल्याबरोबर धावली, पण ती पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. सुईणीनं आईला सांगितलं की पोरगी कळांमध्येही विचारत होती, बाबा आले का न्यायला. देवाच्या कृपेनं दोघी सुखरूप. मुलगी झाली.

बारशाला मात्र बाबा आले. रजा घेऊन आले, टेरिलीनचा शर्ट घालून, खांद्याला चामड्याच्या पट्ट्यानं अडकवलेला ट्रान्झिस्टर. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या. ताईच्या सासूचाही राग एव्हाना निवला होता. ती आपणहून म्हणाली, ने म्हणावं लेकीला आता, महिनाभर राहूदे आईजवळ. बाबांना केवढं हायसं वाटलं. ते बाहेर ओटीवर आले. ताई खांबाला टेकून बसली होती, त्या दिवशी ट्रंक होती तिथेच. मांडीवर पोर. बाबांनी तिच्याशेजारी रेडिओ ठेवला, लावला आणि म्हणाले, चल, तयारी कर, न्यायला आलोय.

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. पदर पोरीवर ओढून घेतला आणि म्हणाली,

"मला सवड नाय, बाबा. मला ओटी हाय."

बाबा हसले. त्यांना वाटलं, पोरगी थट्टा करतेय. तोंडावरचं ते हसू जायला वेळ लागला, मी समोरच उभी होते. मग ताई मला म्हणाली, "बंद कर ते. पोर निजलंय."

मी बंद केला.

ताई आली नाही. पुढच्या बाळंतपणालाही आली नाही. दिवाळीला यायची, तीही सकाळी येऊन संध्याकाळी परत, पाहुण्यासारखी. बारशाच्या दिवशी एसटीतून आम्ही तिघंच परतलो. गर्दी होती. रेडिओला धक्का लागू नये म्हणून बाबांनी तो पालघरपर्यंत मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. घरी पोचल्यावर त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि आईला म्हणाले, उद्या लवकर उठव, रविवारसाठी नाव द्यायचं आहे.