दुभाषी शोधणाऱ्या ताई

ताईंना कोरियन येत नाही, जपानीही नाही; तरी कोरियनमधून जपानीत बोलणारी माणसे वाहिन्यांना मिळवून देणे, हाच त्यांचा चौदा वर्षांचा व्यवसाय. दीर चिडवतो, "वहिनी, ना वधूची भाषा कळते, ना वराची, आणि लग्नं मात्र तुम्हीच जुळवता!"

"म्हणूनच टिकतात, भावजी."

उमेदवाराची भाषा एक निवृत्त प्राध्यापक तपासतात. ताई फक्त चेहरा पाहतात: अडल्यावर माणूस वेळ मारून नेतो, की सरळ पुन्हा विचारतो?

त्या दिवशी एका कोरियन दिग्दर्शकाची मुलाखत जपानी वाहिनीवरून थेट जायची होती, संध्याकाळी पाचला. ठरलेल्या दुभाषीचा निरोप दुपारी बारा वाजता आला: आवाजच फुटत नाही. जागा रिकामी राहिली, तर वाहिनी हे काम कायमचे दुसरीकडे नेणार होती. ताईंनी अकरा जणांना फोन केले. सगळे कुठे ना कुठे गुंतलेले. बारावी होती औषधांच्या दुकानात काम करणारी एक जुनी दुभाषी. आठ वर्षांपूर्वी थेट प्रक्षेपणात तिचा एक आकडा चुकला होता, आणि तिने माइकचा धसकाच घेतला होता.

"ताई, बाकी सगळं जमेल हो. आकडे आले की हातपाय गळतात."

"तू ये. पुढचं पुढे पाहू," म्हणत ताईंनी फोन ठेवला.

साडेचारला स्टुडिओत, दुभाषींच्या काचेच्या लहानशा खोलीत ती येऊन बसली. तिच्या मागोमाग, गळ्याला मफलर गुंडाळून, आवाज गेलेली दुभाषीही हजर!

"अगं, तुला कोणी बोलावलं? घरी जाऊन पड मुकाट्याने!" ताई खेकसल्या.

तिने कागदावर लिहिले, "घसा बसलाय, कान नाही." आणि शेजारची खुर्ची ओढून तिने कानाला हेडफोन लावला.

पाळीपाळीने बोलणाऱ्या दुभाषींत गप्प असलेलीने आकडे आणि नावे टिपून जोडीदारिणीपुढे सरकवायची, ही या धंद्यातली रीत. पण आज पाळी बदलणार नव्हती. दिग्दर्शक बोलू लागला. ताईंना काचेपलीकडून एवढेच दिसत होते: एकीची पेन्सिल कागदावर धावते आहे, दुसरी त्या कागदावर नजर टाकते आहे, आणि तिचे ओठ थांबत नाहीत. चाळीस मिनिटे ताई खुर्चीला टेकल्या नाहीत.

मुलाखत निर्विघ्न पार पडली. वाहिनीचा निर्माता हात जोडत म्हणाला, "शेवटी दुभाषीचं नाव पडद्यावर द्यायचंय. काय लिहू?"

ताईंनी दोन नावे सांगितली.

"पण आवाज तर एकीचाच होता."

"हो ना. ऐकलं मात्र दोघींनी."

निर्माता टंकायला बसला. दुसरे नाव टंकले जाईपर्यंत ताई त्याच्या खुर्चीमागून हलल्या नाहीत. मग त्या काचेच्या खोलीत शिरल्या आणि मफलरवालीला म्हणाल्या, "आता तरी घरी जाऊन पड."