घोडे पोचवणारे काका

भिजवलेले हरभरे, डिझेल आणि घोड्याची घामेजली पाठ यांचा मिळून एक वास होतो, आणि तो रामवाडीतल्या आमच्या शेजारच्या काकांच्या दहा पावले पुढे चालत येई. वरातीचे, किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे टेम्पोतून पोचवणे हा त्यांचा धंदा. पण घोड्याला प्रवासी आणि माणसाला सामान समजणारा असा चालक पेण ते रोहा या पट्ट्यात दुसरा झाला नाही, होणारही नाही. घोड्यांशी ते अदबीने ‘अहो-जाहो’ करीत. नवरदेवाला मात्र ‘ए, सरक’ एवढ्यावर भागवीत. रोह्यात वरात खोळंबलेली असावी, वरपित्याचा चौथा फोन यावा, आणि काकांनी शांतपणे सांगावे, “त्यांचं पाणी पिऊन होऊ द्या. मुहूर्त तुमचा हाय, त्यांचा नाय.” डोलवीपाशी एखाद्या ट्रेलरने मागून हॉर्न दिला की ते टेम्पो थांबवून उतरत आणि ओरडत, “हळू रे गधड्या, आत बाई हाय!” ट्रेलरवाला ओशाळून डोकावे, तर एक पांढरी घोडी त्याच्याकडे रोखून पाहत असे.

या हळवेपणाचे मूळ एका प्रयोगात होते. घोड्याला मागे नेमके काय वाटते हे कळावे म्हणून त्यांनी एकदा मेहुण्याला टेम्पो चालवायला बसवले आणि स्वतः मागे पेंढ्यावर, कशालाही न धरता, उभे राहिले. घोड्याला कुठे हात असतात, हा त्यांचा युक्तिवाद. खांब गाव येईपर्यंत ते तीनदा पडले. दुसऱ्या दिवशी आपल्या एकूण एक जुन्या प्रवाशांच्या तबेल्यात जाऊन त्यांनी गूळ भरवून माफी मागितली. मेहुण्याला माफी अजून मिळायची आहे.

यंदा खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांचे गाडी चालवणे कायमचे बंद केले. त्याच सुमारास ती पांढरी घोडी म्हातारी होऊन कामातून सुटली. रोह्याजवळच्या एका बागेत तिला उरलेले आयुष्य निवांत चरायला मिळणार होते. पण काकांखेरीज कोणी गाडी चालवली की ती फळ्या मोडेपर्यंत लाथा झाडी, आणि या वयात पाय मोडला असता तर कसली बाग आणि कसले चरणे! वर्गात कविता शिकवणारी मी हौसेने त्यांच्याच हाताखाली टेम्पो शिकले होते. “तू चल गो,” ते म्हणाले, “मी त्यांच्यापाशी मागं उभा ऱ्हातो. चुकलीस की केबिन ठोकीन.”

वडखळपर्यंत माझ्या पाठीमागे ढोल वाजत होता: वळणाला, ब्रेकला, एकदा तर मी नुसती शिंकले तेव्हाही. नागोठण्यापुढे ठोके विरळ झाले. खांबनंतर एकही नाही. रस्त्याकडेच्या शेतांतून ओल्या मातीचा गार गंध येत होता, आणि मी मात्र मागच्या ठोक्यासाठी कान लावून बसले होते. घोडी पडली की काय? की दोघेही? थांबून पाहावे तर ब्रेक लावावा लागणार. काठोकाठ भरलेले घंगाळ उचलून न्यावे तसा तो टेम्पो मी रोह्यापर्यंत नेला, बागेच्या फाटकाशी उतरले आणि फळ्यांच्या फटीतून आत पाहिले.

घोडीची मान काकांच्या धडक्या खांद्यावर टेकली होती. गालावरून ओघळलेले पुसायलाही ते हात हलवत नव्हते. माझ्याकडे पाहून, ओठ जेमतेम विलग करीत ते म्हणाले,

“झोपल्या.”