दुधाच्या भुकटीत घातलेला हात

साहेबाच्या जीपची धूळ अजून खाली बसली नव्हती. तेवढ्यात देशमुखीणबाई म्हणाली, "काढ त्याईचे फ्रॉक."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पाह्यतं काय? वस्तीतल्या पोट्ट्यायचे काढून घे. आपल्या आळीतल्यायचे राहू दे."

बालवाडीचं उद्घाटन नुकतंच झालं होतं, देशमुखाच्या ओसरीवर. महिला मंडळानं शिवलेले पिवळे फ्रॉक लेकरांच्या अंगात होते. फोटोवाला दारव्ह्याहून आणला होता. साहेबांनी आमच्या वस्तीतल्या लेकरांना मुद्दाम पुढं घेतलं, एकीच्या तोंडाशी दुधाची वाटी धरली. फोटो निघाला. साहेब गेले. काम झालं, आता फ्रॉक परत.

ती वाटीवाली पोरगी कुसुम. आमच्या शेजारची, चारेक वर्षांची. तिनं फ्रॉकचा घेर दोन्ही मुठीत धरला. ओठावर दुधाची पांढरी रेघ. रडली नाही. म्हणाली, "साहेबानं मले देल्ला."

देशमुखीणबाईनं तिला हात लावला नाही. कशी लावेल? तिनं कोपऱ्यातली काठी घेतली आणि काठीच्या टोकानं फ्रॉक वर उचलला. पोरगी आत उघडी. आळीतली पोरं हसली. त्यांच्या आयाही हसल्या. शेवटी कुसुमनं तो स्वतःच काढला, ओसरीखाली ठेवला आणि दोन्ही हातांनी पुढं झाकून उभी राहिली.

मी तिथंच होते, झाडू घेऊन. त्या बालवाडीची मदतनीस. मी पोरीला पदरात गुंडाळलं.

"धुवून आण हे," बाई म्हणाली. "पुढच्या साहेबाच्या टायमाले कामी येतीन."

मी धुऊन आणून दिले.

मी तेव्हा विशीतली. चौथी पास. आमची वस्ती दीक्षा घेऊन बौद्ध झाली त्याला काही वर्षं झाली होती, पण गावाच्या तोंडी आमचं जुनंच नाव. घरं गावाबाहेर, नदीच्या अंगाला. नवरा देशमुखाकडे सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा. मी देशमुखाच्याच वावरात कापूस वेचायला जायची.

माझा पहिला मुलगा अफूनं गेला. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वेचणीच्या दिवसांत तान्ह्या लेकरांना अफूची बारीक गोळी चाटवून निजवायचे. सगळ्याच घरी. लेकरू वावरात आणलं तर देशमुखाचा दिवाणजी ओरडायचा, "लेकरू पाजाले बोलावलं का तुले, का कापूस येचाले?" म्हणून लेकरं घरी. म्हाताऱ्यांच्या भरवशावर, गोळीच्या भरवशावर. माझ्या सासूला नीट दिसत नव्हतं. एक दिवस गोळी जराशी मोठी झाली. संध्याकाळी मी आले तर लेकराचे ओठ निळे. डोळ्याच्या कडेला मुंग्या. माझ्या छातीत दूध दाटून आलेलं, पिणारा नाही.

सासूला मी बोलले नाही. गोळी तिच्या हातची होती. ती द्यायला कोणी लावलं, ते मला कळत होतं.

म्हणून ग्रामसेविका गावात आली तेव्हा, कडेवर मागून झालेला धाकटा घेऊन, सगळ्यांआधी मी उठले. पांढऱ्या पातळातली, शिकलेली, यवतमाळची बाई. ती म्हणाली, सरकार लहान लेकरांसाठी बालवाडी देतं. दुधाची भुकटी देतं. आई कामावर गेली की लेकरू सांभाळलं जाईल. मी म्हणाले, "बाई, आमच्या वस्तीत काढा. आमच्याच बाया वावरात जातेत." तिनं मान डोलावली. आम्ही बायांनी वस्तीतल्या कडुलिंबाखालची जागा झाडून सारवून ठेवली.

बालवाडी गेली देशमुखाच्या ओसरीवर. देशमुखीणबाई अध्यक्ष. मला मदतनीस केलं ते झाडायला. भुकटीला हात लावायचा नाही, चुलीजवळ जायचं नाही.

उद्घाटनानंतर काही दिवस दूध वाटलं. आळीतली लेकरं ओसरीवर चटईवर, आमची खाली मातीत. आमच्या लेकरांच्या वाट्यांत दूध वरून सोडायचे, भांड्याला भांडं लागू नये म्हणून. अर्धं वाटीत, अर्धं लेकराच्या मनगटावर. लेकरं मनगट चाटायची. ते पाहून आळीतल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. मी हेही गिळलं. म्हटलं, पोटात तर जाऊन राह्यलं.

मग बालवाडीला कुलूप लागलं. भुकटी सरली म्हणे. आमच्या घरांत पुन्हा गोळ्या सुरू झाल्या.

एका सकाळी मी विचारायला गेले. मागच्या दारानं, आम्हाला तेच दार. गोठ्यात नवं वासरू बांधलेलं. वासरापुढं बादली. बादलीत पांढरं, फेसाळ दूध. बाजूला पुठ्ठ्याचा उंच डबा उघडा, अर्ध्याच्या वर भरलेला. देशमुखीणबाई त्यातून घरच्या चहासाठी वाटीत भुकटी काढत होती.

मी म्हणाले, "बाई, भुकटी तं सरली म्हणत होत्या."

ती दचकली नाही. लाजली तर मुळीच नाही.

"तुमच्या पोट्ट्यायले कुठी पचते हे? हागत बसतेत. त्याईले अफूच बरी. निजून तरी राह्यतेत."

तिला माझ्या मुलाचं माहीत होतं. तो गेला त्या दिवशी मी तिच्याच वावरात होते.

जन्मापासून किळस करायचा मान त्यांचा. आमच्या सावलीची, आमच्या भांड्याची, आमच्या लेकरांच्या शेंबडाची. आम्ही आपलं अंग चोरून चालायचं. त्या सकाळी पहिल्यांदा मला त्यांची किळस आली. त्या धुतल्या हातांची. त्या कुंकवाची. लेकरांच्या तोंडचं काढून त्याचा चहा पिणाऱ्या त्या घराची. वासराची नाही. वासराचा काय दोष?

मी पदर खोचला, पुढं झाले आणि त्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

"अवं! बाटवलं! सारा डबा बाटवला हिनं!"

"हाव, बाटवला. आता तुमच्या चहात चालन का?"

ती वाटी घेऊन मागं सरली.

"नाई चालत नं? मंग नेते मी."

डबा डोक्यावर घेतला. मागच्या दारानं गेले नाही. अंगणातून, आळीतून, भर रस्त्यानं निघाले. केसांवर, तोंडावर भुकटी उडत होती. लोक बाजूला सरकत होते. अडवायचं तर मला हात लावावा लागला असता. कोणी लावला नाही.

दुपारी देशमुखानं नवऱ्याचं साल मोडलं. म्हणाला, "बायको आवरता येत नाई, तो बैल काय आवरन?" नवरा घरी आला, दाराशी बसला. मला वाटलं, आता मारतो. तो म्हणाला, "पाणी उकळलं का? लेकरं येऊन बसले." एवढंच.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेविका आली. मला बाजूला घेऊन समजावलं, "देशमुखीणबाईंची माफी माग. म्हणजे तुझी जागा राहील. मी सांभाळून घेईन."

मी विचारलं, "बाई, लेकरायचे फ्रॉक काढले तवा तुमी कुठी होत्या?"

तेव्हा ती देशमुखाच्या घरात चहा पीत होती. दोघींनाही ते माहीत होतं. ती पाठ फिरवून निघून गेली. जागा गेली.

आम्ही वस्तीतल्या त्याच लिंबाला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. वेचणीला जाणाऱ्या बायांनी पाळ्या लावल्या. एकीनं मागं राहायचं, तिच्या वाट्याचा कापूस बाकीच्यांनी वेचायचा. लेकरू आलं की आधी मी त्याचं तोंड हुंगायची. अफूचा वास आला तर आईला तिथंच थांबवायची. आया चिडायच्या. "रडलं तं काय करशीन?" "रडू दे," मी म्हणायची. "जितं लेकरू रडते." सासू दिवसभर एकेक झोळी हलवत बसायची. तिला दिसत नव्हतं, पण कोणतं लेकरू जागं झालं हे तिला हातानं कळायचं.

एक दिवस तांड्यावरची एक बाई आली, कडेवर लेकरू. लमाणी बोलीत आणि मराठीत मिळून विचारत होती, इथं ठेवू का? आमच्यातलीच एक म्हातारी पुटपुटली, "लमाणाचं? आपल्या लेकरायच्या झोळीत?"

मला पुन्हा तीच किळस आली. तीच. आपल्या माणसाच्या तोंडून आली म्हणून ती गोड लागत नाही. मी ते लेकरू घेतलं आणि माझ्या धाकट्याच्या झोळीत, त्याच्या बाजूला घातलं. म्हातारीला म्हणाले, "तुले किळस येत असन, तं उद्यापासून येऊ नको." ती चार दिवस आली नाही. मग आली.

भुकटी सरली. आम्ही ज्वारीच्या कण्यांची पेज शिजवायला लागलो. बातमी वर गेली असावी. वरचे एक साहेब लिंबाखाली आले, सगळं पाहिलं. चांगलं बोलले. म्हणाले, "तुमच्या समाजासाठी वेगळी बालवाडी मंजूर करून देतो. गावातली तिथं चालेल, तुमची इथं. भांडण नको."

दूध येणार होतं. भांडी येणार होती. बाया माझ्या तोंडाकडं पाहत होत्या. माझ्या पोटातही भूक होती, मी काही दगड नव्हते.

"वेगळी नको, साहेब. हे गावाचीच हाये. ज्याले याचं असन त्यानं आपलं लेकरू आमच्या लेकरायच्या बाजूले आणून बसवावं. ज्याले विटाळ होते, त्यानं घरी ठेवावं."

"हट्ट केलास तर काहीच मिळणार नाही."

"नाई भेटलं तं नाई."

मिळालं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही वर्षी नाही. आळीतून एकही लेकरू आलं नाही. नवरा परगावी मजुरीला जातो. मी वेचणीला जाते, पाळी असली की लिंबाखाली बसते. आता पेजेत मीठ असतं, दूध नसतं. पण दया म्हणून आलेला घास मी आत येऊ देत नाही. वेगळा काढलेला तर नाहीच. लेकरांच्या हक्काचं जे आहे, ते इथं, आमच्या दारात, आमच्या हातात आणून द्यावं लागेल.

साहेब लोक अजून अधूनमधून येतात. मी उठून उभी राहत नाही. लेकराला भरवताना बसूनच विचारते, "काय आणलं?"